ओपनबॉक्सचा मेनू आपल्या हाताने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीने काढून टाकलेला, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा ओळखीच्या दुकानातून घेतलेला पीसी, दोन-चार जीबी रॅम, वर डेबियन लिनक्स आणि ओपनबॉक्स. अशी मशीन मी अभ्यासिकांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरांत बसवून देते. मशीन सुरू झालं की पहिला प्रश्न मेनूचाच येतो: हे कुठून उघडायचं, ते इथे का नाही, हे इंग्रजीत का. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उदाहरण म्हणून नवी पेठेतली एक अभ्यासिका खाली पुन्हा पुन्हा येईल. एमपीएससीची तयारी करणारी मुलं तिथे पहाटेपासून बसतात आणि कोपऱ्यात सगळ्यांसाठी एक सामाईक मशीन आहे. पीडीएफ वाचायचं, आयोगाची साइट बघायची, मराठी टायपिंगचा सराव करायचा, पेनड्राइव्हवरून प्रिंट काढायची, एवढीच त्या मशीनची कामं.

फाइली, टॅग (कोनी कंसातल्या खुणा) आणि कमांड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच लिहा आणि लहान-मोठी अक्षरं मूळ फाइलीत जशी दिसतील तशीच ठेवा.

ओपनबॉक्स नेमकं काय करतं? मेनू त्याच्याकडे कसा?

ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर आहे. खिडक्यांना चौकट आणि शीर्षकपट्टी देणं, त्या हलवणं, लहान-मोठ्या करणं आणि डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर राइट-क्लिक केलं की मेनू उघडणं, ही त्याची कामं. खालची पट्टी, घड्याळ, डेस्कटॉपवरची चित्रं यातलं काहीच तो स्वतः देत नाही. म्हणून ज्याने नुसतं ओपनबॉक्स बसवलंय त्याच्यासाठी मेनू हेच घराचं दार.

त्याची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ मधली आहे. एवढी जुनी म्हणून घाबरायचं कारण नाही. डेबियनसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) ते आजही मिळतं, आणि मेनूची रचना इतकी वर्षं न बदलल्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

राइट-क्लिक केलं तर वेगळाच मेनू येतो. «नवीन फोल्डर», «पेस्ट» वगैरे. ओपनबॉक्सचा कुठे गेला?

तुमच्याकडे बहुतेक एलएक्सडीई हा तयार डेस्कटॉप आहे. त्यात विंडो मॅनेजर ओपनबॉक्सच असतो, पण डेस्कटॉपवर पीसीमॅनएफएम हा फाइल मॅनेजर पसरलेला असतो आणि क्लिक त्याच्याकडे जाते. त्याच्या डेस्कटॉप प्रेफरन्सेसमध्ये «विंडो मॅनेजरचा मेनू दाखवा» अशा अर्थाचा पर्याय आहे. त्यावर खूण केली की ओपनबॉक्सचा मेनू परत येतो.

मेनूची फाइल कुठे असते?

तुमच्या होम फोल्डरात डॉट-कॉन्फिग नावाचा लपलेला फोल्डर असतो (फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतो). त्यात ओपनबॉक्स फोल्डर, आणि त्यात मेनू-डॉट-एक्सएमएल (एक्सएमएल म्हणजे टॅग वापरून माहिती लिहायची रीत). ही फाइल नसेल तर ओपनबॉक्स सगळ्यांसाठीची फाइल वापरतं. ती असते ईटीसी, मग एक्सडीजी, मग ओपनबॉक्स या वाटेवर.

ईटीसीतली फाइल स्वतःच्या फोल्डरात कॉपी करा आणि कॉपीतच बदल करा. मूळ फाइलीला हात लावू नका. काही बिघडलं तर कॉपी पुसली की मूळ मेनू परत, रूटचा (मशीनच्या मुख्य अकाउंटचा) पासवर्ड मागायची वेळही येत नाही.

त्याच फोल्डरात आरसी-डॉट-एक्सएमएल असते. कीबोर्डच्या कळा, माउसची बटणं, फॉन्ट आणि थीम तिथे. मेनूत काय आहे ते मेनूच्या फाइलीत, मेनू कसा दिसतो आणि कशाने उघडतो ते आरसीच्या फाइलीत. एवढी विभागणी लक्षात ठेवली की शोधाशोध अर्धी होते.

फाइल उघडली, पण आत नुसते कंस आणि खुणा आहेत. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात बाहेर ओपनबॉक्स-अंडरस्कोर-मेनू नावाचा टॅग आहे. त्याच्या आत मेनू टॅग येतात. ज्याची आयडी रूट-हायफन-मेनू आहे तो राइट-क्लिकने उघडणारा मुख्य मेनू. ही आयडी बदलू नका, कारण आरसीच्या फाइलीत याच नावाने त्याला हाक मारलेली असते.

मुख्य मेनूच्या आत आयटम टॅग. प्रत्येक आयटमला लेबल, म्हणजे पडद्यावर दिसणारं नाव. आयटमच्या आत ॲक्शन टॅग, त्याचं नाव एक्झिक्यूट. ॲक्शनच्या आत कमांड टॅग, आणि त्यात तुम्ही टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) टाइप केली असती ती कमांड. प्रोग्राम उघडणारी प्रत्येक ओळ याच तीन पातळ्यांची असते. मध्ये रेघ हवी असेल तर सेपरेटर टॅग, आणि त्याला लेबल दिलं की रेघेच्या जागी मथळा दिसतो. उपमेनू हवा असेल तर मेनूच्या आत आणखी एक मेनू टॅग, वेगळी आयडी आणि लेबल देऊन.

नमुन्यातला एक आयटम अख्खा कॉपी करा, खाली चिकटवा, लेबल आणि कमांड बदला. यापेक्षा सोपी सुरुवात नाही. फाइल लिहायला माउसपॅड किंवा जीनीसारखा साधा एडिटर घ्या, रायटर नको.

मेनूत काय काय ठेवावं?

यावर माझं मत ठाम आहे. मेनूतली नावं कामांची असावीत, प्रोग्रामांची नकोत.

तयार मेनू कसा असतो? ॲक्सेसरीज, ग्राफिक्स, इंटरनेट, ऑफिस, सिस्टम. पीडीएफ वाचायचा प्रोग्राम एका वितरणात ऑफिसमध्ये, दुसऱ्यात ग्राफिक्समध्ये. अभ्यासिकेत नव्याने आलेल्या मुलीला कालची प्रश्नपत्रिका उघडायची असते. तिने एविन्स हे नाव कधी ऐकलेलं नसतं, आणि ऐकायची गरजही नाही.

म्हणून त्या मशीनवर मुख्य मेनू असा लिहिला: पहिली ओळ «प्रश्नपत्रिका», दुसरी «पीडीएफ उघडा», मग «इंटरनेट», «मराठी टायपिंग», «पेनड्राइव्ह», «प्रिंटची रांग». मग एक रेघ. तिच्याखाली «बाकी सगळं» हा उपमेनू, आणि सगळ्यात शेवटी «मशीन बंद करा». «इंटरनेट»च्या मागे फायरफॉक्स आहे, «पेनड्राइव्ह»च्या मागे पीसीमॅनएफएम. «मराठी टायपिंग» ही ओळ लिब्रेऑफिस रायटर उघडते, तेही कोरं पान न देता, सरावासाठी मोठ्या अक्षरांत आखून ठेवलेली फाइल उघडून. कमांडपुढे फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिला की झालं.

रोजची कामं पहिल्या पडद्यावर, तीही हाताने लिहिलेली. उरलेलं सगळं एका उपमेनूत, आपोआप तयार होणारं. ही वाटणी घरातही चालते आणि दुकानातही. आप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यासाठी «ओळखपत्र स्कॅन» आणि «दोन्ही बाजूंनी प्रिंट» वर येईल, घरी आजीसाठी «फोटो» आणि «नातवाशी बोला» वर येईल. कुणाच्या मशीनवर काय वर यावं हे वितरण बनवणाऱ्याला पुण्यात बसलेल्या तुमच्याइतकं कळणार नाही.

बदल सेव्ह केले, तरी मेनू जुनाच दिसतो.

ओपनबॉक्स फाइलीवर नजर ठेवून बसत नाही. त्याला सांगावं लागतं. टर्मिनलमध्ये ओपनबॉक्स, एक जागा, दोन हायफन आणि रीकॉन्फिगर. किंवा मेनूतच एक आयटम करा ज्याच्या ॲक्शनचं नाव रीकॉन्फिगर असेल, त्याला कमांड लागत नाही. मेनू बसवताना हा आयटम हाताशी ठेवा आणि काम संपलं की काढून टाका.

तरीही बदल दिसला नाही तर फाइलीत चूक आहे. बहुतेक वेळा ती तीनपैकी एक असते: उघडलेला टॅग बंद केला नाही, अवतरणचिन्ह सरळ न टाकता वळणदार टाकलं (फोनवरून कॉपी केलेल्या मजकुरात हे हमखास होतं), किंवा नावात अँपरसँड (&) आला. «प्रिंट & स्कॅन» असं लेबल लिहिलं तर एक्सएमएल तिथेच अडतं. अँपरसँडच्या जागी अँपरसँड, एएमपी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. त्यापेक्षा मराठीत «प्रिंट आणि स्कॅन» लिहा, प्रश्नच मिटला.

चूक कोणत्या ओळीत आहे ते एक्सएमएललिंट सांगतं. डेबियनमध्ये ते लिबएक्सएमएल२-युटिल्स या पॅकेजात येतं. कमांडपुढे दोन हायफन, नोआउट आणि फाइलीचं नाव. काहीच छापलं नाही तर फाइल नीट आहे. प्रत्येक बदलानंतर हे करायची सवय लावा, खरंच मनस्ताप वाचतो.

लेबल मराठीत लिहिता येतात का? आमच्याकडे चौकोन दिसतात.

येतात, आणि लिहावीतच. ओपनबॉक्स अक्षरं पँगो या लायब्ररीकडून काढून घेतं, त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं नीट जुळतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली पाहिजे, एवढीच अट.

चौकोन दिसत असतील तर मशीनवर देवनागरी फॉन्टच नाही. डेबियनमध्ये फॉन्ट्स-लोहित-देवा किंवा फॉन्ट्स-नोटो-कोअर बसवा. लोहित हा रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला फॉन्ट, आणि त्याच्यावरचं बरंच काम पुण्यातल्याच मंडळींनी केलेलं आहे. मला लहान अक्षरांत नोटो अधिक वाचनीय वाटतो, पण जुन्या कमी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर लोहितही छान उठतो. दोन्ही लावून बघा.

फॉन्ट आणि आकार आरसीच्या फाइलीत थीम विभागात ठरतात. तिथे फॉन्ट टॅग असतात आणि प्रत्येकाला प्लेस असते: मेनूहेडर म्हणजे मथळा, मेनूआयटम म्हणजे ओळी. मेनूआयटमचा आकार रोमनसाठी ठेवतात त्यापेक्षा एक-दोन पॉइंट वाढवा. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, नऊ पॉइंटात ते एकमेकांत मिसळतात आणि वय झालेल्या डोळ्यांना त्रास होतो.

आता आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात का? ते फॉन्टच्या हातात असतं तसंच लोकॅलच्याही (लोकॅल म्हणजे मशीनची भाषा आणि प्रदेशाची सेटिंग). नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरंही भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे कळल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. पँगो ते लोकॅलवरून ओळखतं. संपूर्ण मशीन मराठीत नको असेल तर फक्त एलसी-सीटाइप (मध्ये हायफन नाही, अंडरस्कोर) हे चल मराठी भारत लोकॅलवर ठेवा आणि बाकी इंग्रजीत राहू द्या. आधी डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स चालवून मराठी लोकॅल तयार करून घ्या, मग लॉग आउट करून पुन्हा आत या. «लिहा» आणि «शोधा» मधली अक्षरं शाळेत गिरवली तशी दिसू लागतात. मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

«दुसऱ्या», «तिसऱ्या» असे शब्द लेबलांत असतील तर चंद्रकोरीसारखा र नीट उमटतोय ना ते तपासा. तो ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून येतो. नुसत्या र ला हलन्त दिलात तर रफार होतो आणि «दुसर्या» असं चुकीचं दिसतं.

कीबोर्डवरून मेनूतली ओळ निवडायची आहे. मराठी लेबलांत अक्षर दाबलं तर काहीच होत नाही.

इंग्रजी लेबलांत ओपनबॉक्स त्यातलं एक अक्षर शॉर्टकट म्हणून धरतं. कोणतं ते आपण ठरवायचं असेल तर त्याच्याआधी अंडरस्कोर लिहितात. पण शॉर्टकट फक्त रोमन अक्षराचा किंवा रोमन आकड्याचाच होतो. देवनागरी अक्षराचा होत नाही, देवनागरी आकड्याचाही नाही.

उपाय सरळ आहे. लेबलाच्या सुरुवातीला अंडरस्कोर आणि रोमन आकडा टाका, मग जागा, मग मराठी नाव. अंडरस्कोर दिसत नाही, आकडा अधोरेखित दिसतो. मेनू उघडून एक दाबलं की पहिली ओळ चालू. अभ्यासिकेतली मुलं दोन दिवसांत आकड्यांनीच काम करायला लागतात, माउसकडे हात जात नाही.

अख्खा मेनूच कळ दाबून उघडायचा असेल तर आरसीच्या फाइलीत कीबाइंड टॅग लिहा. त्यातल्या ॲक्शनचं नाव शोमेनू, आणि आत मेनू टॅगमध्ये रूट-हायफन-मेनू. कळ लिहिताना डब्ल्यू म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ, ए म्हणजे ऑल्ट, सी म्हणजे कंट्रोल, एस म्हणजे शिफ्ट. मी डब्ल्यू-हायफन-स्पेस ठेवते.

नवीन सॉफ्टवेअर बसवलं की ते मेनूत आपोआप का येत नाही?

कारण मेनूची फाइल स्थिर आहे, तुम्ही लिहिलं तेवढंच ती दाखवते. मोठ्या डेस्कटॉपांत जे आपोआप होतं त्यामागे फ्रीडेस्कटॉपचे ठरलेले नियम आहेत. प्रत्येक प्रोग्राम डॉट-डेस्कटॉप नावाची छोटी फाइल ठेवतो, यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरात. तीत नाव, चित्र, कमांड आणि वर्ग लिहिलेले असतात. डेस्कटॉप त्या फाइली वाचून मेनू मांडतो. ओपनबॉक्स स्वतः त्या वाचत नाही.

त्यासाठी वेगळी साधनं आहेत. ओबीमेनू-जनरेटर पर्लमध्ये लिहिलेलं आहे आणि ते मेनू उघडताना तिथल्या तिथे यादी बनवून देऊ शकतं. मेनूमेकर वेगळ्या वाटेने जातं, त्याच्याकडे माहितीतल्या प्रोग्रामांची यादी असते आणि त्यातले कोणते मशीनवर आहेत ते बघून ते फाइल लिहितं. डेबियनची एक जुनी स्वतंत्र मेनू-व्यवस्थाही होती. २०१५ मध्ये डेबियनने डॉट-डेस्कटॉप फाइलींच्या बाजूने निर्णय दिल्यापासून ती मागे पडली आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. माउसने मेनू संपादित करून देणारं ओबीमेनू पायथन २ वर अवलंबून होतं, आता ते विसरा.

यातलं जे वापराल ते «बाकी सगळं» या उपमेनूत लावा. साधनाला अख्खी मेनू-फाइल लिहू दिलीत तर तुमच्या हाताने लिहिलेल्या ओळी पुसल्या जातील.

आपोआप बनलेल्या यादीत नको ती नावं येतात. ती लपवायची कशी, मराठी करायची कशी?

यूएसआरमधली डॉट-डेस्कटॉप फाइल तुमच्या होम फोल्डरातल्या डॉट-लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स इथे त्याच नावाने कॉपी करा. तुमची कॉपी मूळ फाइलीला मागे टाकते. तीत नोडिस्प्ले बरोबर ट्रू अशी ओळ टाकली की ते नाव यादीतून जातं, प्रोग्राम मात्र चालत राहतो. मराठी नावासाठी नेम या शब्दाला जोडून चौकटी कंसात एमआर लिहा, पुढे बरोबरचं चिन्ह आणि मराठी नाव. मराठी लोकॅल असेल तेव्हा ते दिसतं. हे साधनावरही अवलंबून आहे, काही साधनं भाषांतरित नाव वाचतच नाहीत.

यूएसआरमधल्या फाइलीत थेट बदल करू नका. पुढच्या अपडेटला ते पुसले जातात.

टर्मिनलमध्ये कमांड चालते, मेनूतून मात्र नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि कारणं साधारण ठरलेली आहेत.

पहिलं कारण, मेनूतली कमांड शेलमधून (टर्मिनलमध्ये कमांडचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्राममधून) जात नाही. अवतरणचिन्हं आणि जागा यांचा अर्थ ओपनबॉक्सला कळतो, पण पाइपची उभी रेघ, दोन अँपरसँड, आउटपुट फाइलीत वळवणारा बाण, डॉलरवाली चलं, तारांकन हे सगळं शेलचं काम. ते हवं असेल तर कमांडची सुरुवात एसएच, हायफन-सी अशी करा आणि पुढची अख्खी ओळ एका अवतरणात ठेवा. ओळ लांबली की मी सरळ वेगळी स्क्रिप्ट लिहिते आणि मेनूतून तिला हाक मारते. एक्सएमएलमध्ये अँपरसँड आणि बाण सांभाळत बसण्यापेक्षा ते स्वच्छ.

दुसरं कारण पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी. बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगच्या फाइलीत) वाढवलेला पाथ टर्मिनलला माहीत असतो, ओपनबॉक्सला नाही. स्वतःची स्क्रिप्ट होममधल्या बिन फोल्डरात असेल तर पूर्ण पत्ता द्या. किंवा ओपनबॉक्स फोल्डरातच एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल करून त्यात पाथ लिहा. ओपनबॉक्स-सेशनने सुरू होणाऱ्या सत्रात ती वाचली जाते.

तिसरं, टर्मिनलमध्ये चालणारे प्रोग्राम. एचटॉप मेनूतून चालवलं तर पडद्यावर काही उमटत नाही, कारण त्याला टर्मिनल कुणी दिलाच नाही. कमांड एक्सटर्म, हायफन-ई, एचटॉप अशी द्या. काम संपल्यावर खिडकी झटकन मिटून संदेश वाचता येत नसेल तर हायफन-ईच्या आधी हायफन-होल्ड जोडा.

तरी उलगडा झाला नाही तर होम फोल्डरातली डॉट-एक्ससेशन-एरर्स ही फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचा.

पाइप मेनू म्हणजे काय?

ओपनबॉक्समधली माझी सगळ्यात आवडती सोय. उपमेनूच्या टॅगला आत ओळी न देता एक्झिक्यूट या गुणधर्मात स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा. उपमेनूवर गेलं की ओपनबॉक्स स्क्रिप्ट चालवतं आणि ती जे एक्सएमएल छापेल ते मेनू म्हणून दाखवतं. बाहेरचा टॅग इथे ओपनबॉक्स-पाइप-मेनू, तीन शब्द अंडरस्कोरने जोडलेले. आत नेहमीचेच आयटम.

अभ्यासिकेतली «प्रश्नपत्रिका» ही ओळ अशीच आहे. चालवणारे काका नवीन प्रश्नपत्रिका एका फोल्डरात टाकतात, बस्स. स्क्रिप्ट तो फोल्डर वाचते आणि प्रत्येक पीडीएफचा एक आयटम छापते. काकांना मेनू-फाइल माहीत नाही आणि माहीत असायची गरज नाही.

अशी स्क्रिप्ट लिहिताना फाइलींची नावं फार सांभाळावी लागतात. नावात जागा असेल तर कमांडमध्ये ते अवतरणात हवं. अँपरसँड किंवा कोनी कंस असेल तर एक्सएमएलसाठी बदलून लिहायला हवं. दोन्ही एकत्र येतात तेव्हा क्रम महत्त्वाचा: आधी कमांडसाठी अवतरण, मग त्या सगळ्यावर एक्सएमएलचा बदल. पायथनमध्ये शेलेक्स मॉड्यूलमधलं क्वोट आणि एक्सएमएलसाठीचं एस्केप ही दोन तयार फंक्शनं याच क्रमाने लावली की पुरतं. एस्केपला लेबलातली दुहेरी अवतरणंही बदलायला सांगा.

आणखी एक बारकावा. राज्यसेवा, अंडरस्कोर, २०२३ असं रोमनमध्ये नाव दिलेली फाइल मेनूत येते तेव्हा अंडरस्कोर गायब होतो आणि दोनचा आकडा अधोरेखित दिसतो, कारण ओपनबॉक्सने तो शॉर्टकट समजला. लेबल छापताना स्क्रिप्टमध्येच अंडरस्कोरच्या जागी मोकळी जागा टाका. कमांडमधलं नाव मात्र जसंच्या तसं राहू द्या, नाहीतर फाइल सापडणार नाही.

स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या (सीएचमॉड, अधिक-एक्स). आधी ती टर्मिनलमध्ये चालवून आउटपुट एक्सएमएललिंटमधून तपासा. आणि तिच्यात इंटरनेटवरून काही आणू नका. स्क्रिप्ट संपेपर्यंत मेनू उघडत नाही, नेट हळू असेल तर माणसाला वाटतं मशीन अडकलं. हवामान वगैरे दाखवायचंच असेल तर क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) ते अधूनमधून एका फाइलीत आणून ठेवा, स्क्रिप्टने फक्त ती फाइल वाचावी.

ओळींपुढे चित्रं लावता येतात का?

३.५ आवृत्तीपासून येतात. आयटमला किंवा मेनूला आयकॉन हा गुणधर्म द्या आणि त्यात चित्राचा पूर्ण पत्ता लिहा. पीएनजी सगळ्यात बिनधोक. आरसीच्या फाइलीत मेनू विभागात शोआयकॉन्स यस असायला हवं. ज्यांना वाचायला वेळ लागतो अशांसाठी चित्रं खूप कामाची आहेत, बाकीच्यांनी नाही लावली तरी चालेल.

«मशीन बंद करा» कसं लिहायचं? चुकून दाबलं गेलं तर?

कमांड सिस्टमसीटीएल पॉवरऑफ. मशीनसमोर बसून लॉग इन केलेल्या माणसाला त्यासाठी सहसा पासवर्ड लागत नाही. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्याच ॲक्शनच्या आत प्रॉम्प्ट टॅग लिहा आणि त्यात प्रश्न मराठीत विचारा: «मशीन बंद करायचं का? फाइल सेव्ह केली ना?» ओपनबॉक्स छोटी खिडकी उघडून विचारतं आणि होकार मिळाल्यावरच पुढे जातं. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणार असेल तर कुणीही, अगदी पहिल्यांदा मशीनवर बसलेलं पोरही, ते नीट बंद करू शकतं.

मेनूतून टर्मिनल आणि सेटिंग काढून टाकली. आता मुलं काही बदलू शकणार नाहीत ना?

बदलू शकतील. मेनू गोष्टी नजरेआड करतो, अडवत नाही. फाइल मॅनेजरमधून कुठलाही प्रोग्राम उघडता येतो. मेनूच्या फाइलीची मालकी रूटकडे दिली तरी फोल्डर त्या यूजरचा असतो, त्यामुळे फाइल पुसून नवी ठेवता येते. सामाईक मशीनवर वेगळं साधं अकाउंट द्या, सुडोचा (रूट म्हणून कमांड चालवण्याचा) अधिकार देऊ नका, आणि मेनूची एक चांगली प्रत ईटीसीमध्ये ठेवा. लॉग इनच्या वेळी ती होममध्ये परत कॉपी होईल अशी सोय केली की कुणी काही बदललं तरी दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर.

आम्ही फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम किंवा जेडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर वापरतो. तिथे?

विचार तोच, लिहिण्याची रीत वेगळी. फ्लक्सबॉक्समध्ये होममधल्या डॉट-फ्लक्सबॉक्स फोल्डरात मेनू नावाची साधी फाइल असते: चौकटी कंसात एक्झेक, गोल कंसात नाव, महिरपी कंसात कमांड. एक्सएमएलची कटकट नाही, नवख्या माणसाला हेच सोपं जातं. आइसडब्ल्यूएममध्ये डॉट-आइसडब्ल्यूएम फोल्डरातल्या मेनू फाइलीत प्रॉग हा शब्द, मग नाव, चित्र आणि कमांड. जेडब्ल्यूएममध्ये डॉट-जेडब्ल्यूएमआरसीत रूटमेनू टॅग, म्हणजे पुन्हा एक्सएमएल.

पुढे सगळं वेलँडवर जाणार म्हणतात. मग ही मेहनत फुकट?

एक्स११ आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवायच्या जुन्या आणि नव्या व्यवस्था. ओपनबॉक्स एक्स११ साठी आहे, वेलँडवर ते चालणार नाही. पण लॅबडब्ल्यूसी नावाचा वेलँडवरचा कंपोझिटर (तिथे विंडो मॅनेजरचं काम करणारा प्रोग्राम) मुद्दाम ओपनबॉक्सच्या वळणावर बनवला आहे. त्याच्या फोल्डरातही आरसी-डॉट-एक्सएमएल आणि मेनू-डॉट-एक्सएमएल असतात, टॅगही बहुतेक तेच. रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४ पासून लॅबडब्ल्यूसीच मुख्य केला आहे. तुमची मेनू-फाइल तिथे नेली तर बहुतेक ओळी तशाच चालतात, नव्या आवृत्त्यांत पाइप मेनूही. एक्सटर्मसारखे प्रोग्राम मात्र वेलँडवरच्या पर्यायांनी बदलून घ्या.

हाच मेनू दुसऱ्या मशीनवर न्यायचा आहे.

ओपनबॉक्सचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, स्क्रिप्टा आणि चित्रंही बरोबर घ्या. नव्या मशीनवर यूजरचं नाव वेगळं असेल तर होमपासून लिहिलेले पूर्ण पत्ते चुकतात. कमांडच्या सुरुवातीला टिल्ड (~, म्हणजे होम फोल्डर) चालतो, चित्रांना मात्र पत्ता बदलून द्या. मग मेनूतली एकेक ओळ दाबून बघा, कारण प्रोग्राम मशीनवर आहे की नाही हे ओपनबॉक्स आधी तपासत नाही, दाबल्यावरच कळतं. जे उघडलं नाही ते ॲप्टने बसवा, रीकॉन्फिगर करा.